रविवारची सुट्टी, पगाराची तारीख आणि खाडा : नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

माजलगाव : दिवाळी सरली की माजलगाव, धारूर, वडवणीच्या गावांमधून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या दिसू लागतात. त्याच दिवसांत दहावी-बारावी झालेली काही मुलं पाठीवर सॅक टाकून पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरची एसटी पकडतात. बर्गर-पिझ्झाच्या साखळी दुकानांत काउंटरवर किंवा किचनमध्ये त्यांना काम मिळतं. एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याच्या अंगावर कंपनीचा टी-शर्ट. तक्रारी मात्र ऐकायला बसलं तर सारख्याच निघतात. पैसे वेळेवर मिळत नाहीत, सुट्टी घेतली तर दुप्पट कापतात, हिशेब दाखवत नाहीत आणि हात भाजला-कापला तर खर्च ज्याचा त्याने करायचा.

नेमक्या याच तक्रारींचा कागद १८८४ मध्ये मुंबईच्या परळमध्ये तयार झाला होता. तो तयार करण्यात पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून त्यांचं नाव दर १ मे रोजी व्हॉट्सॲपवर फिरतं. पण सुट्टी ही त्यांची फक्त एक मागणी होती. बाकीच्या मागण्या काय होत्या आणि त्या पूर्ण व्हायला किती वर्षं लागली, ही गोष्ट कमी सांगितली जाते.

कोण होते लोखंडे?

जन्म १८४८, ठाण्यात. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षणानंतर लगेच नोकरी. आधी रेल्वे, मग टपाल खातं आणि त्यानंतर मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर.

ही शेवटची नोकरी महत्त्वाची. स्टोअरकीपर म्हणजे ना कामगार, ना मालक. गिरणीत काय येतं, काय जातं, किती वाया जातं, याची नोंद त्याच्या हाताखालून जाते. कामगारांच्या हालांबद्दल कळवळून बोलणारे त्या काळी इतरही होते. लोखंड्यांना गिरणीचा कारभार आतून दिसत होता. पुढे त्यांनी मांडलेल्या मागण्या इतक्या नेमक्या का आहेत, याचं उत्तर बहुधा या नोकरीत आहे.

दुसरा धागा महात्मा जोतीराव फुल्यांचा. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याचं काम मुंबईत उभं करणाऱ्यांमध्ये लोखंडे होते. समाजाच्या विचारांचं ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यातून सुरू केलं होतं. तीन वर्षांत ते पैशाअभावी अडचणीत आलं. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणलं आणि पुढे मरेपर्यंत चालवलं. गिरणगावातल्या कामगाराची बाजू नियमाने मांडणारं मराठी पत्र त्या वेळी दुसरं क्वचितच असेल.

गिरणीत पगार कसा बुडायचा?

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत परळ, ताडदेव, भायखळा परिसरात चिमण्याच चिमण्या झाल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसं येऊ लागली. बहुतेक गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हिवाळ्यात दिवस लहान तेव्हा थोडी सुटका, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. कामगाराकडे घड्याळ नसायचं. वेळ सांगायचा तो गिरणीचा भोंगा, आणि भोंगा कधी वाजवायचा हे मालकाच्या हातात.

आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणवार असेल किंवा यंत्रं साफ करायची असतील तेव्हा गिरणी बंद राहायची. त्या बंद दिवशीही साफसफाईसाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावलं जायचं.

आता पगाराचं. पगार महिन्याचा, पण महिना संपला की लगेच मिळेल असं नाही. पुढचा अर्धा महिना, कधी त्याहून जास्त दिवस मालक तो अडकवून ठेवायचे. मुंबईत नव्याने आलेल्या माणसाने तोवर खायचं काय? मग वाण्याकडे उधारी, सावकाराकडे कर्ज, किंवा ज्याने कामाला लावलं त्या जॉबरकडून उसने. यातल्या प्रत्येकाला व्याज किंवा दस्तुरी द्यावी लागे. जरा थांबून हा हिशेब बघा. कामगाराचे महिन्याचे पैसे मालक बिनव्याजी वापरतोय आणि तेच पैसे हातात नाहीत म्हणून कामगार बाहेर व्याज भरतोय. मजुरीचा दर एक पैशानेही कमी न करता मजुरी कमी झाली.

पगार अडकवण्याचा आणखी एक फायदा मालकाला होता. कामगार सोडून गेला तर अडकलेले पैसे बुडाले. म्हणून कितीही जाच झाला तरी माणूस टिकून राहायचा.

याशिवाय दंड. कापडात खोट निघाली तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची. न सांगता एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. मुंबईच्या गिरण्यांमध्ये याला ‘डबल खाडा’ म्हणत. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला ‘खाडा’ या शब्दाचा अर्थ सांगायची गरज नाही. गिरणीतल्या जॉबरला ‘मुकादम’ही म्हणत, हेही इथे नोंदवायला हवं.

१८८४ मध्ये नेमकं काय झालं?

देशातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रोज कमाल नऊ तास ठरवले. मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हतं. बायकांसाठीही नाही.

तीन वर्षांनी मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची पाहणी करायला एक आयोग नेमला. मालकांकडे त्यांची संघटना होती, आपली बाजू मांडायला वकील होते. कामगारांच्या बाजूने आयोगापुढे कोण जाणार? लोखंड्यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ठरलेलं निवेदन सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी आयोगाला देण्यात आलं. याच घडामोडीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ आकाराला आली.

निवेदनात पाच गोष्टी होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय.

यादी पुन्हा वाचा. पगारवाढ कुठेच नाही. आज एखादी संघटना मागणीपत्र काढते तेव्हा पहिली ओळ वाढीव पगाराची असते. लोखंड्यांनी ती टाळली. जे ठरलंय ते मिळावं, ठरलेल्या दिवशी मिळावं आणि किती वेळ काम केलं ते मोजता यावं, एवढंच त्यांनी मागितलं. हा भित्रेपणा होता असं कुणी म्हणू शकेल. पण मजुरीची चोरी पगाराच्या आकड्यात कमी आणि तारीख, तास, दंड यांत जास्त होते, हे ओळखल्याचीच ती खूण आहे. तारीख पक्की नसेल तर वाढलेला पगारही वाण्याच्या व्याजात जातो.

विरोध कुणाचा होता?

गिरणीमालकांचा होता, त्यात नवल नाही. पण अनेक राष्ट्रीय पुढारी आणि वृत्तपत्रंही कारखाना कायद्याच्या विरोधात होती, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड उद्योगाला मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा बोचत होती. हिंदुस्थानात कामाचे तास कमी करा, हा लकडा तिथूनही लावला जात होता. त्यामुळे कायदा म्हणजे देशी उद्योग मारण्याचा डाव, अशी मांडणी झाली.

लोखंड्यांनी ही मांडणी स्वीकारली नाही. लँकेशायरचा हेतू काहीही असो, चौदा तास उभा राहणारा माणूस तर इथलाच होता. देशी उद्योग वाढावा, पण त्याची किंमत एकट्या कामगाराने का मोजायची, हा ‘दीनबंधु’चा रोख होता. त्यासाठी त्यांना इंग्रजधार्जिणे म्हणवून घ्यावं लागलं.

आयोगाने ऐकून घेतलं, अहवाल दिला, कायदा मात्र बदलला नाही. सहा वर्षं गेली.

रविवार कधी मिळाला?

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या काळच्या मुंबईत कामगारांची एवढी मोठी सभा ही बातमीच होती. दोन कामगार स्त्रियाही सभेत बोलल्या. १८९० मध्ये, दहा हजार लोकांसमोर, गिरणीत काम करणाऱ्या बायका! त्यांची भाषणं कुणी नीट लिहून ठेवली असती तर किती बरं झालं असतं.

आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला आणि १० जून १८९० रोजी संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे ही सुट्टी कायद्याच्या आधी आली, कामगारांनी मागून घेतली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या नव्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या बाजूने लोखंड्यांना सहभागी करून घेण्यात आलं. १८९१ च्या सुधारित कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांसाठी रोज कमाल अकरा तास ठरले, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मिल हँड्स असोसिएशन ही आजच्या अर्थाने युनियन होती का, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. तिला वर्गणी भरणारे सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. लोखंड्यांचा मार्ग अर्ज, सभा आणि वृत्तपत्राचा होता, संपाचा नव्हता. नियमित सभासद आणि वर्गणी असलेली युनियन १९१८ मध्ये मद्रासला उभी राहिली. तरी भारतीय कामगार चळवळीचे जनक हा मान लोखंड्यांना दिला जातो, कारण कामगारांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने मागणं हे त्यांच्यापासून सुरू झालं.

बाकीच्या मागण्यांचं काय झालं?

पाचपैकी दोन मागण्या सात वर्षांत मिळाल्या. पुरुषांच्या कामाच्या तासांवर पहिली मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने, कापड गिरण्यांसाठी दिवसाला बारा तास. मागणीनंतर २७ वर्षांनी. कामावरच्या अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्याने, ३९ वर्षांनी. आणि पगाराची तारीख? वेतन प्रदान कायदा १९३६ चा. तब्बल ५२ वर्षं. सर्वात साधी दिसणारी मागणी सर्वात शेवटी मान्य झाली. सुट्टी दिली तर मालकाचा एक दिवस जातो. तारीख पाळायची तर दुसऱ्याचा पैसा बिनव्याजी वापरायची सोय जाते.

आज कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा. जादा कामाला दुप्पट दर. दंड पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि तोही कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पगार बुडाला तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, आणि बुडालेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते.

कागदावर लोखंड्यांच्या मागणीपेक्षा कितीतरी जास्त मिळालंय.

मग काउंटरवरचा मुलगा का रडतो?

फास्ट-फूडच्या फ्रँचायझीची रचना समजून घ्या. पाटी मोठ्या ब्रँडची, दुकान चालवणारा स्थानिक गुंतवणूकदार, आणि पोरं कधी त्याच्या नावावर तर कधी तिसऱ्याच ठेकेदाराच्या. ब्रँड विक्रीवर ठरावीक टक्के रॉयल्टी घेतो, नफा होवो न होवो. कच्चा माल कुठून घ्यायचा हे ठरलेलं. भाडं आणि वीजबिल हातात नाही. मालकाला आवळता येईल असा एकच खर्च उरतो, तो म्हणजे मजुरी. दर कमी केला तर किमान वेतनाचा प्रश्न येतो, म्हणून आवळायचं ते तासांत.

शिफ्ट रात्री अकराला संपते. पंच आउट करायला लावतात आणि मग फ्रायर घासणं, फरशी पुसणं, कचरा टाकणं. समजा रोज अर्धा तास गेला. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ तास, म्हणजे दीड दिवसापेक्षा जास्त काम फुकट. जादा कामाचा दुप्पट दर लावला तर २६ तासांची मजुरी बुडाली. पगाराच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही, कारण यंत्राच्या नोंदीत पोरगा अकरालाच घरी गेलाय. भोंगा जाऊन बोटाचा ठसा आला, घड्याळ अजून मालकाचंच. गल्ल्यात पैसे कमी भरले, ऑर्डर चुकली, तर ती किंमत पगारातून. खोट निघालेलं कापड विणकराच्या गळ्यात मारायचे, तसंच.

आणि रविवार? रविवारी सर्वाधिक गर्दी, त्यामुळे सुट्टी मधल्या वारी. ते बेकायदा नाही. सात दिवसांत एक दिवस सुट्टी मिळाली पाहिजे, तो रविवारच असायला हवा असं नाही. गर्दी आहे म्हणून तीही रद्द होते, आणि बदली सुट्टी मिळत नाही, तिथे कायदा मोडतो. भर म्हणजे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांसाठी रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला आणि कायदा दहाऐवजी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू करायला मंजुरी दिली. लहान शहरातल्या आउटलेटमध्ये वीस पोरं असतात तरी कुठे?

आणि कोयत्याचं?

ऊसतोडीत पगाराची तारीख हा प्रकारच नाही. मुकादमाकडून उचल आधी घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. टनामागे दर ठरलेला असतो, जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढही झाली. पण किती टन भरले आणि किती उचल फिटली याची वही मुकादमाकडे. हंगाम संपताना अंगावर बाकी निघाली की पुढचं साल बांधलं गेलं. गिरणीत पगार मागे ठेवून माणूस अडकवायचे, इथे पैसे पुढे देऊन अडकवतात.

एक दिवस आजारी पडलं की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड चढतो. पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडत नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारी पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. प्रत्येक शस्त्रक्रियेचं कारण खाडा होता असं म्हणता येणार नाही. पण खाडा बुडवणं परवडत नाही, हे कारण महिलांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

लोखंड्यांची शेवटची वर्षं

रविवार मिळाल्यावर लोखंडे थांबले नाहीत. विधवांचं केशवपन करणार नाही, असा निर्धार १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभेत केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. यालाही कामगार चळवळ म्हणायला हरकत नाही, कारण अन्यायाचं काम हातून होऊ देणार नाही असं तिथे कारागिरांनी ठरवलं होतं. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली तेव्हा ते दोन्हीकडच्या वस्त्यांत सलोख्यासाठी फिरले. गिरणीत दोन्ही समाज एकाच यंत्रावर काम करत होते. सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला तो मांडवीत, जिथे लोखंड्यांनी कधी काळी गिरणीचं स्टोअर सांभाळलं होतं. शहर रिकामं होऊ लागलं. ज्यांना गाव होतं ते गावाकडे पळाले, ऐपत होती ते शहराबाहेर गेले. लोखंडे मुंबईतच राहिले. कामगार वस्त्यांमध्ये आजाऱ्यांसाठी त्यांनी दवाखान्याची सोय उभी केली आणि स्वतः फिरून रुग्ण पाहिले. त्यातच त्यांना प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय जेमतेम ४९. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

२००५ मध्ये टपाल खात्याने लोखंड्यांच्या नावाचं तिकीट काढलं. तरुणपणी याच खात्यात त्यांनी काही काळ नोकरी केली होती. परळमध्ये, सुपारीबागेच्या त्या सभा झाल्या त्याच भागात, राज्य सरकारची कामगार विषयाचं शिक्षण देणारी संस्था त्यांच्या नावाने चालते.